सात घरांचं डिपॉझिट

थोरलीच्या सासूबाईंच्या नावावर तीन इमारतींत मिळून सात घरं होती, सगळी भाड्यानं दिलेली. सासरे गेल्यावर भाडं गोळा करायचं काम दिराकडे आलं आणि करारनामे थोरल्या सुनेकडे. नियम सासऱ्यांचेच: तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिट, भाडं पाच तारखेच्या आत, घर सोडायचं तर महिनाभर आधी कळवायचं. बँकेचं पासबुक मात्र सासूबाईंच्या कपाटात असे.

एकाच आठवड्यात दोघांनी घर सोडत असल्याचं कळवलं, एक नर्स आणि एक शिंपी. डिपॉझिट परत द्यायचं म्हणून थोरलीनं पासबुक काढलं. सात घरांचं डिपॉझिट सोडा, एका घरापुरतेही पैसे खात्यात नव्हते.

दिरानं नुकतीच मोटारसायकल घेतली होती. भाडंही तो रोख घ्यायचा. जेवताना त्यानं सहज पाणी पुढं केलं, तरी तिला वाटलं, आज हा एवढा गोड का वागतोय?

कुणाला काही न बोलता ती भिंती बघायच्या निमित्तानं नर्सकडे गेली. नर्सनं दारातच मोबाइल पुढं केला. राहायला आली त्या दिवशी तिनं प्रत्येक नळाचा, बटणाचा फोटो काढून ठेवला होता.

"काही कापणार असाल तर आत्ताच सांगा."

"नाही हो. डिपॉझिट कुणाच्या हातात दिलं होतंत, एवढंच विचारायचं होतं."

"तुमच्या सासूबाईंच्या. त्यांनी माझ्यासमोरच ते आधीच्या भाडेकरूला देऊन टाकलं."

थोरली तडक घरी आली. सासूबाई उशीच्या अभ्र्याला बटण लावत बसल्या होत्या.

"आई, पैसे भाऊजींनी घेतले ना?"

"धाकट्याचं नाव घेऊ नकोस," सासूबाई खाली मान घालूनच म्हणाल्या. "तुझ्या नवऱ्यानं घेतले. दुकान बुडत होतं तेव्हा. सहा महिन्यांत भरतो म्हणाला होता, तीन वर्षं झाली. तेव्हापासून नव्याचं घेऊन जुन्याला देतेय. आता दोघं एकदम निघालेत, काय करू?"

संध्याकाळी नवऱ्यानं फारसे आढेवेढे घेतले नाहीत.

"तुला सांगितलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस."

"मग आता काय करतेय असं वाटतंय तुला?"

दुकानाचा टेम्पो विकला. नर्स आणि शिंप्याला ठरल्या दिवशी पूर्ण रक्कम मिळाली. बाकीच्या घरांचं डिपॉझिट नवऱ्यानं दरमहा भरायचं, असं थोरलीनं त्याच्याकडून लिहून घेतलं आणि त्यासाठी वेगळं खातं उघडलं. पैसे काढायला तिची आणि दिराची, अशा दोन्ही सह्या लागणार होत्या.

बँकेत फॉर्म भरताना तिला राहवलं नाही. "भाऊजी, मला तुमचाच संशय आला होता. माफ करा."

दीर कोरडं हसला. "मला तुमचा होता, वहिनी. पासबुक पाहिलं तेव्हापासून, वर्षभर."

दोघांनी मान खाली घालून सह्या केल्या.

घरी सगळं वरवर पूर्वीसारखं चालू झालं. भरणाही वेळेवर होतो. पण नवरा फोन घेऊन आतल्या खोलीत गेला आणि त्याचा आवाज खाली आला, की थोरली हातातलं काम थांबवते आणि कान देते.