चिंतामणी वकिलांची थंडी

चिंतामणी वकिलांना थंडी सोसत नाही, ही गोष्ट बेळगावच्या टिळकवाडीत कुणालाही विचारा, हसत हसत सांगेल. कोर्टात उभा राहिला की हा माणूस समोरच्याला घाम फोडायचा. कन्नडातनं, मराठीतनं, अगदीच पेटला तर इंग्रजीतनं. पण दिवाळी सरली की हाच वाघ कानटोपी घालून, एकावर एक दोन मोजे चढवून, पायाखाली लाकडी पाट घेऊन बसलेला दिसायचा. "माझी थंडी तळपायातनं चढते," असं ते सांगायचे, आणि वर कोर्टानंच तसा निकाल दिल्यासारखा चेहरा करायचे. चैत्रातसुद्धा मोजे! फरशीवर अनवाणी पाऊल टाकणं म्हणजे त्यांच्या हिशेबी न्युमोनियाला आवतण.

आणि अशा माणसाच्या गळ्यात देवानं बायको बांधली ती लतिकाबाई. निपाणीची. तंबाखूच्या वखारींचा वास आणि उन्हाळ्याची काहिली यांत वाढलेली. माहेरच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं, बर्फानं भरलेल्या डोंगराचं. वर्ष संपलं तरी या बयेनं ते काढू दिलं नव्हतं. "दहावी हो, सिमल्याला नेतो," वडील म्हणाले होते. पण त्याच वर्षी साखरेच्या आजारापायी वडिलांचा पाय मिरजेला नेऊन काढावा लागला, आणि सिमला राहिला तो राहिलाच.

लग्न होऊन बेळगावात आल्यावर पहाटेचं धुकं बघून लतिकाबाई हरखून गेल्या होत्या. त्या बाहेरच्या खोलीची खिडकी उघडायच्या, वकील उठून ती लावायचे. सगळा संसार त्या एका खिडकीवरून भांडण्यात गेला म्हणा ना. सुट्टीचा विषय निघाला की वकिलांचा निकाल ठरलेला: गोकर्ण, मालवण, कन्याकुमारी, रामेश्वर. जिथं घाम येतो तिथंच जायचं. एकदा लेकीच्या, चिन्मयीच्या, हट्टापायी उटीला गेले, तर महाशय गरम पाण्याची पिशवी पोटाशी घेऊन खोलीतच बसून राहिले. परत कुणी डोंगराचं नाव काढलं नाही.

तर असा हा माणूस यंदा मार्गशीर्षात, नाष्ट्याच्या ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, "लतिका, नॉर्वेला जाऊया. बोटीतनं. बर्फ बघायला."

लतिकाबाईंच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. "कुठं?"

"नॉर्वेला गं. मोठं क्रूझ असतंय. दोन्ही बाजूला बर्फाचे डोंगर आणि मधनं आपली बोट."

"चिन्मयी सिंगापूरचं म्हणत होती की. तिकडं ऊब असते, तुम्हाला झेपेल म्हणाली."

"सिंगापुरात काय बघायचंय? घाम? तो हाय की इथं मे महिन्यात," असं म्हणून वकील चक्क गाणं गुणगुणत उठले. पायात मोजे नाहीत. थंडगार शहाबादी फरशीवरनं अनवाणी चालत गेले आणि जाता जाता खिडकी सताड उघडली.

आता सांगा, कुठल्या बाईच्या मनात पाल चुकचुकणार नाही? लतिकाबाईंच्या तर चुकचुकून चुकचुकून दमली. आयुष्यभर ज्यासाठी जीव टाकला ते समोर आलं होतं, आणि त्यांना आनंद होण्याऐवजी संशयच आला. साठी उलटलेला माणूस असा एकाएकी बदलत नसतो. कुठंतरी पाणी मुरतंय.

मग एकेक गोष्ट डोळ्यांत भरायला लागली. वकील सकाळी फिरायला जाताना मोजे-बूट सोडून नुसत्या चपलेवर जायला लागले होते. कोर्टातनं येताना खव्याच्या गोड कुंद्याचा पुडा आणायचे, खुशीत खायचे. "अहो, एकदा शुगर तपासून घ्या," असं लतिकाबाई म्हणाल्या की उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरलीय? थंडी पळाली माझी, तरणा झालोय!" फोन आला की अंगणात जाऊन बोलायचे. पलीकडनं बाईचा आवाज. एकदा लतिकाबाईंनी कान देऊन ऐकलं तर वकील म्हणत होते, "तिला इतक्यात काही सांगू नका हं."

आणि त्यावर कळस म्हणजे ती चप्पल. एका सकाळी वकील व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतनं फिरून आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरा पाय उघडा, मातीनं माखलेला. आणि त्यांना त्याचा पत्ताच नाही.

"दुसरी कुठाय?" लतिकाबाईंनी विचारलं.

वकिलांनी खाली बघितलं आणि क्षणभर गडबडलेच. "अरेच्चा! कुत्र्यानं नेली असेल."

"पायातनं?"

"बाकड्यावर बसलो होतो तेव्हा काढली असेन," ते म्हणाले आणि न्हाणीघरात शिरले. माणूस बाहेर चप्पल कुठं काढतो? कुणाच्या तरी दारात! लतिकाबाईंनी निपाणीच्या थोरल्या बहिणीला फोन लावला.

"लते, म्हातारपणी नवरा लई ग्वाड वागाय लागला की सावध ऱ्हायाचं गं," आक्का म्हणाली. "आमच्या गल्लीतला आण्णाप्पा आठवतोय न्हवं? असाच गाणी म्हणत फिरायचा. आन् एक दिवस कळलं, संकेश्वरात दुसरं बिऱ्हाड!"

"अगं पण आक्का, मोजे कशाला काढेल माणूस?"

"तरणं दिसाय! तू जाऊन बघ त्या फोनवाल्या बाईला. भिऊ नगंस."

फोनवाली बाई सापडायला वेळ लागला नाही, वकिलांच्या फोनमध्येच नाव-पत्ता होता. काँग्रेस रोडला सहलींचं एक छोटं ऑफिस होतं, पारमिता नावाच्या तरुण बाईचं. लतिकाबाई पदर खोचून गेल्या. दारात आधी चपला बघितल्या, वकिलांची नव्हती. आत पारमिता खुर्चीतनं उठली, पाणी दिलं, आणि नाव ऐकल्यावर कपाळाला हात लावून हसली.

"काकू, तुम्ही कशाला आलात? काकांनी तुम्हाला शेवटपर्यंत सांगू नका म्हटलं होतं. बाल्कनीची खोली मिळते का बघत होते. मिळाली काल."

"बाल्कनी कशाला?"

"तुम्हाला खिडकी उघडी लागते म्हणून." तिनं टेबलावरची दोन पत्रकं पुढं सरकवली, एक निळ्या उबदार समुद्राचं, एक पांढऱ्या डोंगरांचं. "माझ्याकडं दोनच तऱ्हेची माणसं येतात बघा. काही बर्फासाठी जीव टाकतात, काही बर्फाचं नाव काढलं की शाल ओढून घेतात. काका दुसऱ्यातले, म्हणून मी आधी सिंगापूरच दाखवलं. तर म्हणाले, 'नको. बायकोची सगळी हौस माझ्या मोज्यांत गेली. आता माझी थंडी गेलीय, तर तिला तिचा बर्फ दाखवतो.' उद्या पैसे भरून पक्कं करणार आहेत."

लतिकाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण काय समजलो आणि हा माणूस काय करत होता! घरी येताना रिक्षात त्यांचे डोळे भरून आले. पांढऱ्या डोंगरांचं पत्रक त्यांनी पर्समध्ये घडी करून ठेवलं होतं. दोनदा उघडून बघितलं. कॅलेंडरातला डोंगर अगदी असाच होता.

पण मन मेलं गप्प बसेना. सगळं खरं, मग चप्पल कुठं गेली?

दुसऱ्या दिवशी सकाळी वकील फिरायला निघाल्यावर लतिकाबाई डोक्यावरनं शाल घेऊन मागोमाग निघाल्या. स्वतःच्या नवऱ्याच्या मागावर, या वयात! कुणी ओळखीचं भेटलं असतं तर काय सांगणार होत्या कुणास ठाऊक. व्हॅक्सिन डेपोच्या झाडांत धुकं भरलं होतं. वकील पुढं रमतगमत चालले होते, नव्या चपला घालून, हात मागं बांधून, एकटेच. कुणी बाई नाही, कुणाचं दार नाही, बाकड्यावरही बसले नाहीत.

आणि चालता चालता त्यांच्या उजव्या पायातली चप्पल निसटली.

वकील थांबले नाहीत. वळूनही बघितलं नाही. एक पाय चपलेत, एक पाय उघडा, तसेच खडीवरनं, सुक्या काटक्यांवरनं, दहिवरानं भिजलेल्या गवतातनं गुणगुणत पुढं गेले. लतिकाबाई धावत त्या चपलेपाशी आल्या. खाली वाकून ती उचलली.

असंच बाबांचं झालं होतं. "माझे पाय दगडाचे," असं ते कौतुकानं सांगायचे, वखारीच्या अंगणात भर उन्हात अनवाणी फिरायचे. एकदा खिळा टाचेत शिरला तो त्यांना कळलाच नाही. आईनं बघितलं तोवर बोटं काळी पडली होती.

थंडी पळाली होती कुठली! ज्या तळपायातनं ती चढायची, ते तळपायच गेले होते.

ती चप्पल शालीखाली धरून लतिकाबाई आडवाटेनं घरी आल्या आणि दारामागं ठेवून दिली. वकील आले, पुन्हा एका चपलेवर. "कुत्री लई माजल्यात तिकडं," म्हणाले. आणि इथनं पुढं जे झालं ते सांगायला मलाही बरं वाटत नाही, पण झालं ते झालं. लतिकाबाईंच्या मनात आलं, की परत आल्यावर सांगू. काय बिघडणार आहे? एवढी वर्षं वाट बघितली. संध्याकाळी हे पैसे भरून येतील, मग विमान, बोट, बर्फ. तिथं जाड मोजे घालू त्यांना. आज बोललं तर बर्फ गेला, कायमचा गेला. न बोललं तर कुणाला कळणार? स्वयंपाक करताना, ताट वाढताना दिवसभर हेच डोक्यात. त्यांना आता नवऱ्याचा नाही, स्वतःचाच संशय यायला लागला.

वकील संध्याकाळी पैसे भरायला निघाले, तेव्हा लतिकाबाई पाण्याचं घमेलं घेऊन आल्या. "बसा जरा. पाय धुते तुमचे."

"आज काय हे?" वकिलांनी डोळे बारीक केले. "पाय धुवालीस म्हणजे काय मागायचंय बाई तुला? कुणी काय सांगितलं काय?"

"बसा म्हटलं ना."

ते खिडकीपाशी खुर्चीत बसले. खिडकी उघडी होती, बाहेर उन्हं कलली होती. लतिकाबाईंनी खाली बसून दोन्ही हातांनी उजवं पाऊल घमेल्यात बुडवून काढलं आणि मांडीवर घेतलं. टाचेत बाभळीचा काटा होता. आख्खा, बुडापर्यंत रुतलेला, भोवतीची कातडी काळीनिळी. किती दिवसांचा होता देव जाणे. त्यांनी नखांत धरून तो ओढला. रक्त आलं. वर वकील खुशीत सांगत होते, की बोटीवर म्हणे पहाटे चार-चार रंगांचा उजेड दिसतो आभाळात, आणि बाल्कनीत उभं राहिलं की बर्फाचे कण गालावर पडतात. त्यांचा पाय हललासुद्धा नाही.

लतिकाबाईंनी काटा मुठीत धरला. फक्त मूठ उघडायची नाही, एवढंच करायचं होतं. पाय धुवायचा, हळद लावायची, आणि बर्फ आपला.

"काय गं, गप्प का? आनंद झाला न्हाय काय तुला?" वकिलांनी विचारलं. "अगं, पाणी केवढं गार असेल हे, आणि मला काही म्हणजे काही वाटत नाही. गेली बघ माझी थंडी!"

"पाणी गार नाहीये," लतिकाबाई म्हणाल्या. "कढत आहे. माझे हात पोळलेत."

वकील हसता हसता थांबले.

"थंडी नाही हो गेली. पाय चाललेत तुमचे." आणि त्यांनी मूठ उघडून तो काटा वकिलांच्या तळहातावर ठेवला. दारामागची चप्पल आणून समोर ठेवली. "हे टाचेत होतं. ही तुमच्या पायातनं पडली सकाळी, मी मागं होते. माझ्या बाबांना पण कळायचं नाही."

वकिलांनी काट्याकडं बघितलं, चपलेकडं बघितलं. जन्मभर दुसऱ्यांचे पुरावे मोडून काढलेला माणूस, हाही पुरावा तपासूनच बघणार. मग त्यांनी तो काटा चिमटीत धरला आणि आपल्याच पायाच्या अंगठ्यावर टोचला. डोळे मिटून पुन्हा टोचला. डोळे उघडले तेव्हा अंगठ्यावर रक्ताचा थेंब होता, आणि तो त्यांना बघूनच कळला.

"उद्या डॉक्टरकडं जाऊया," लतिकाबाई म्हणाल्या. "सकाळीच."

"आणि तुझा बर्फ?"

"मरू दे तो बर्फ!" त्या एकदम ओरडल्या, आणि मग त्यांचं रडू आवरेना. ते पाऊल त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवलं होतं, आणि वकील त्या हातांकडं बघत होते. ते हात त्यांना नुसते दिसत होते.

बाहेर अंधार पडायला लागला. मग वकील अगदी बारीक आवाजात म्हणाले, "लतिका, खिडकी लाव गं. थंडी वाजालीय मला."

लतिकाबाई उठल्या. पदरानं डोळे पुसले, खिडकी लावली, आणि वरची कडीही घातली.