लेहच्या बॅगेतल्या पाच बाटल्या

आईला लेहला न्यायचं नाही, हे मी तिच्याकडे जायला दिवा स्टेशनला पोहोचेपर्यंत पक्कं केलं होतं. तिकिटं माझ्याच हट्टाने काढलेली. पण अकरा हजार फुटांवरच्या विरळ हवेबद्दल गेल्या आठवड्यात इतकं काही वाचलं की माझाच धीर सुटला. आई सहासष्ट वर्षांची. बाबा गेल्यापासून चौथ्या मजल्यावरचं घर आणि बुद्धविहार एवढंच तिचं जग. फोनवर नाही म्हणायला जीभ रेटेना, म्हणून बॅग बघायला येते म्हटलं.

इमारतीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर मी कठडा धरून उभी राहिले. वरून आई बघत होती.

"माया, ठाण्याच्या लिफ्टनं बिघडवलंय तुला," ती म्हणाली.

पलंगावर बॅग तयार होती. सोबत आणलेल्या वजनकाट्याला अडकवून उचलली तर वीस किलो. विमानात पंधराच चालतात हे तिला चारदा सांगितलेलं. चेन उघडली. दोन स्वेटर, कानटोपी, चटणीचा डबा, विहारात नेसते ती पांढरी साडी, इस्त्री करून कागदात गुंडाळलेली. आणि तळाशी, टॉवेलात बांधलेल्या, पाण्याने गच्च भरलेल्या एकेक लिटरच्या पाच बाटल्या.

माझं डोकंच फिरलं. "आई, पाणी कुणी नेतं का?"

"तूच म्हणालेलीस ना, तिकडे पाऊस पडत नाही, वाळवंट आहे. वर दिवसाला तीन लिटर प्यायचं. मग लोकांच्या दारात मागत बसू?"

मी एक बाटली उचलून हातात धरली. लहानपणी नळ कोरडा असला की मी इथेच अभ्यासाला बसायचे आणि जिन्यात आईची पावलं वाजायची. दोन हातांत दोन कॅन, टँकरपासून चौथ्या मजल्यापर्यंत, दिवसाला सहा खेपा, वीस वर्षं. आणि या बाईच्या दमाची काळजी मी करत होते, तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत. मला माझीच लाज वाटली.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"जिने चढून दम लागतो का विचारलं. मी म्हटलं, रिकाम्या हातानं की कॅन घेऊन? हसले आणि प्रवासाच्या दाखल्यावर सही केली."

मी मोबाइलवर तिला लेहचा फोटो दाखवला. उघडे तपकिरी डोंगर, माथ्यावर बर्फ, खाली हिरवं गाव.

"एवढ्या वर पाणी कोण चढवतं?"

"कोणी नाही गं. बर्फ वरच असतो. उन्हाने वितळतो आणि पाणी आपलं आपण खाली येतं, लोकांच्या शेतापर्यंत."

आईने चष्मा लावला. बर्फापासून गावापर्यंत बोट फिरवलं, मग परत फिरवलं. "आपलं आपण," ती हळूच म्हणाली. वंदनेच्या वेळी असतो तसा तिचा चेहरा झाला होता. माझ्या अंगावर काटा आला. इतके व्हिडिओ पाहिले, पण तो डोंगर केवढा मोठा आहे हे मला आत्ता कळत होतं.

मग तिने पाचही बाटल्या ड्रममध्ये ओतल्या, थेंबही न सांडता. चार फळीवर ठेवल्या. पाचवी झटकून साडीशेजारी बॅगेत ठेवली.

"ही तिथे भरीन," म्हणाली.

काट्यावर पंधरा किलो भरले. प्रवासाला रिकामी बाटली घेऊन निघालेली आई मी जन्मात पहिल्यांदाच बघणार होते.