कवचातला बदल

चिमीच्या उजव्या डोळ्यात हर्पिसचा विषाणू ठाण मांडून बसला होता. मधूनमधून तो डोकं वर काढायचा आणि बुबुळावर पांढरा डाग ठेवून जायचा. पूर्वी बस चालवणारी चिमी आता डेपोच्या चौकशी खिडकीत बसायची. बुबुळ बदलायची शस्त्रक्रिया ठरली होती, पण नव्या बुबुळावरही विषाणू चढला तर, या धास्तीने ती चालढकल करत होती.

तिची थोरली बहीण प्रयोगशाळेत याच विषाणूवर काम करायची. विषाणूच्या कवचातल्या एका प्रथिनात तिने छोटासा बदल केला, आणि त्याची वाढच खुंटली. मूळ विषाणू काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींच्या थराला मोठाली भोकं पाडायचा. या बदललेल्याची भोकं टाचणीच्या टोकाएवढी. त्याचं वर्म सापडलं, असं तिला वाटलं. तिने लगेच चिमीला फोन केला, औषध आता फार लांब नाही म्हणाली. पडताळणी बाकी होती, पण ते तिने सांगितलं नाही. चिमीच्या आवाजातला आनंद तिला मोडवला नाही.

चिमीने शस्त्रक्रियेला नकार कळवला.

पडताळणीसाठी थोरलीने प्रथिन पुन्हा होतं तसं केलं. दोष त्याच बदलाचा असता तर विषाणू पूर्वीसारखा फोफावला असता. पण भोकं बारीकच राहिली. नकळत विषाणूत दुसरीकडेच काही बिघडलं होतं. प्रथिनाचा त्यात हात नव्हता. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, असं होतं, पुन्हा शोधू. पण मधल्या काळात चिमीचा डोळा दोनदा भडकला होता.

थोरली डेपोत गेली. खिडकीपुढची गर्दी ओसरल्यावर तिने सगळं सांगितलं, फोनवर गाळलेलंही.

चिमीने समोरची नोंदवही मिटली. मग म्हणाली, "तुझं शास्त्र मला कुठे कळतं, ताई? तू म्हणालीस म्हणून थांबले."

ती चिडली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं.

शस्त्रक्रिया झाली. पण तोवर डाग खोल गेला होता, त्यात रक्तवाहिन्या शिरल्या होत्या. उजव्या डोळ्याला समोरची बोटं मोजता येतात, बस चालवण्याइतकं दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, आधी केली असती तरी खात्री नव्हती. थोरलीला त्याचा काडीचाही आधार वाटला नाही.

आता संध्याकाळी ती चिमीच्या डोळ्यात औषध घालायला जाते. दोघी घरातलं, डेपोतलं बोलतात, हसतातही. प्रयोगशाळेत काय चाललंय, हे चिमी विचारत नाही.