सोया, पॅराफिन आणि पुरुषोत्तमरावांचा अहवाल

पुरुषोत्तमरावांच्या हाती घरातलं काही म्हणून सोपवायचं नाही, हे शुभदाला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कळून चुकलं होतं. माणूस देवमाणूस, पण सगळी हयात बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये गेलेली. नवीन तूरडाळ आली तरी आधी चार दाणे शिजवून, घड्याळ लावून बघणार. तरीही त्या शनिवारी बाई बारा मेणबत्त्या त्यांच्या भरवशावर टाकून के. आर. पुरमला भाचीच्या केळवणाला गेली. आता याला काय म्हणावं!

झालं होतं असं, की नव्याण्णव साली इथल्या मराठी मंडळाने बायकांसाठी सुगंधी मेणबत्त्यांचा वर्ग काढायचं ठरवलं. शिकवणार कोण, ते रविवारी समिती ठरवणार होती. शुभदाला तो वर्ग हवा होता, अगदी मनापासून हवा होता. बावीस वर्षं ती कॉलनीत 'मिसेस पुरुषोत्तम' होती; मंडळाच्या फळ्यावर एकदा तरी नुसतं 'शुभदा' लिहिलेलं तिला बघायचं होतं.

पुतण्या ध्रुवने अमेरिकेहून पिशवीभर सोयाबीनचं मेण आणलं होतं. तोवर इथे कुणी ते पाहिलंही नव्हतं. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातून आणलेलं नेहमीचं पॅराफिनचं मेण घरात होतंच. तिने दोन्हींच्या सहा-सहा मेणबत्त्या काचेच्या वाट्यांत ओतल्या, मोगऱ्याचं अत्तर घातलं. समितीपुढे दोन्ही लावायच्या आणि फरक दाखवायचा, असा बेत होता. सोया मऊ, बेताने तापवावं लागतं, नाहीतर वर पांढरे डाग धरतं. पॅराफिनला वास छान सुटतो, पण थिजताना मधोमध खड्डा पडतो, तो पुन्हा भरावा लागतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चार पातेली वाया घालवून तिचं ती शिकली होती.

संध्याकाळी परत आली, तर घरभर मोगरा घमघमत होता आणि टेबलावर बारा रिकाम्या वाट्या.

"सगळ्या जाळल्यात?" तिने एक वाटी उलटी करून पाहिली.

"अगं, चाचणीशिवाय माल बाहेर जातो का कधी?"

"मग एकेक लावायची होती."

"एकीवरून काय कळणार? सरासरी काढायला निदान सहा तरी हव्यात." आणि त्यांनी मोठ्या प्रेमाने आलेखासकट लिहिलेला अहवाल पुढे केला. सोया सव्वा तास जास्त जळलं होतं, काजळीही कमी.

शुभदा त्या रात्री जेवली नाही. सोयाचं मेण संपलं होतं, आणि आता ते आणायचं कुठून? तिला रडू आलं, त्याहून जास्त राग आला.

रविवारी ती वाट्या आणि अहवाल घेऊन मंडळात गेली. हात हलवत कसं जायचं? सेक्रेटरी चंद्रकांत हेही त्यातलेच, सरकारी प्रयोगशाळेत मुरलेले. त्यांनी वाट्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अहवाल मात्र पहिल्या पानापासून मोठ्याने वाचला, आलेख समितीत फिरवला, आणि सगळे एकमताने म्हणाले, वा, याला म्हणतात अभ्यास. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहून आलं: 'सुगंधी मेणबत्त्या. मार्गदर्शक: श्री. पुरुषोत्तम.'

"बघ, आपल्याच घरात आला वर्ग," पुरुषोत्तमराव खुशीत म्हणाले. शुभदा कानडीत "सरी", म्हणजे बरं, म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

पहिल्या मंगळवारी अठरा बायका जमल्या. पुरुषोत्तमरावांनी पाऊण तास आलेख समजावला. मग पहिल्या रांगेतल्या अहल्याबाईंनी विचारलं, "भाऊजी, ते सगळं खरं, पण मेण ओतताना वात मधोमध उभी कशी ठेवायची?"

पुरुषोत्तमरावांनी कागद चाळले, चष्मा पुसला आणि आशेने शेवटच्या रांगेकडे पाहिलं. तिथे शुभदा रीतसर नाव नोंदवून बसली होती. मान खाली घालून ती अहल्याबाईंचा प्रश्न वहीत उतरवून घेत होती.