खलास नावाचं फंक्शन

गुरुवारी रात्री आठचं विमान होतं आणि उज्ज्वल मेश्रामचा लीव्हचा अर्ज राजनसाहेबांच्या टेबलावर सहीविना पडला होता. "एकेचाळीस ड्रॉइंग्ज क्लिअर कर, मग खुशाल जा," साहेब म्हणाले होते. रविवारी नागपुरात धाकट्या बहिणीचं, संघप्रियाचं लग्न. वडिलांच्या जागी उभा राहणारा हा एकटाच. पुढचं तिकीट मंगळवारचं.

आणि ड्रॉइंग्ज काही केल्या ऐकेनात. ड्रॉइंग सेव्ह झालं की आपोआप चालणारं एक फंक्शन, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, उज्ज्वलने लिहिलं होतं. कोपऱ्यातल्या चौकटीतला रिव्हिजन नंबर एकाने वाढवायचा, एवढंच त्याचं काम. सोमवारपासून नंबर जागचा हलेना. चार दिवस त्याने कोड चाळला. मेल्या कोडमध्ये चूक सापडेल तर शपथ!

सोमवारीच शेजारच्या ताहिरने आपलं पहिलं फंक्शन सगळ्या मशीनवर टाकलं होतं. आज सकाळी उज्ज्वलचं डोकं सटकलं. "क्या घुसाया तूने? अब हाथ मत लगा!" तो सगळ्यांसमोर ओरडला आणि साहेबांना सांगून त्याला अर्ध्या तासावरच्या, शहराबाहेरच्या अस्करच्या साइटवर पिटाळलं. ताहिर मोजायची टेप उचलून गेला.

तीन वाजता उज्ज्वलने ताहिरची फाइल उघडली. फंक्शनचं नाव होतं खलास. उज्ज्वलच्या फंक्शनचंही तेच. कॅडच्या, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या लेखी एका नावाचं एकच फंक्शन, मागून येईल ते खरं. त्यामुळे सेव्ह झाल्यावर दरवेळी ताहिरचंच धावत होतं आणि ड्रॉइंगमधले रिकामे लेयर, म्हणजे न वापरलेले थर, पुसून गप्प बसत होतं.

टेबलाच्या काचेखाली चिठ्ठी होती, ताहिरला शिकवताना उज्ज्वलनेच लिहिलेली: 'सेव्ह के बाद चलनेवाले फंक्शन का नाम खलास.' नावाआधी आपापली अक्षरं लावा, असं साहेब कितीदा म्हणाले होते. "दोन माणसांत कशाला?" म्हणून उज्ज्वलनेच उडवून लावलं होतं.

नाव बदलायला दोन मिनिटं लागली. पण एकेचाळीस ड्रॉइंग्ज एकेक उघडून, तपासून पुन्हा सेव्ह करायची होती. दोघे बसले असते तर साडेपाचपर्यंत उरकलं असतं. हे काम येणारा दुसरा माणूस अस्करला उन्हात उभा होता. उज्ज्वलने साइटचा नंबर फिरवायला दोनदा फोन उचलला आणि लाजेने दोनदा खाली ठेवला.

पावणेसातला तिसावं ड्रॉइंग उघडत असताना फोन वाजला. पलीकडे ताहिर होता.

"उज्ज्वलभाई, आप अभी तक ऑफिस में? फ्लाइट?"

उज्ज्वलने अडखळत सगळं सांगितलं.

"तीन बजे फोन कर देते ना," ताहिर म्हणाला. "मैं तो दोपहर से खाली बैठा हूं."