कमिटीसाठी आंघोळ

येळवशीच्या दिवशी पोरीला शेतातल्या ताटावरून उठवून आंघोळीसाठी कॉलेजात बोलावणारा प्राचार्य अख्ख्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या वाट्याला आला.

मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आमच्याकडची येळवस. त्या दिवशी उमरग्याच्या बाजारात चिटपाखरू दिसत नाही, सगळे शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घालायचं, आत चुना लावलेले पांडवांचे दगड मांडून पूजा करायची आणि मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ज्वारीचे उंडे, ताकातली आंबील हे सगळं ताठ बसवणार नाही इतकं खायचं. आमच्या शेतातही तेच चाललं होतं. अप्पा आंबील शिंपडत हरभऱ्याला फेरी मारून नुकतेच टेकले होते. मी दुसऱ्यांदा भज्जी वाढून घेतली आणि फोन वाजला. हॉस्टेलच्या रेक्टर मॅडम होत्या.

"श्रीदेवी, संध्याकाळपर्यंत हॉस्टेलला ये. सगळ्या मुलींना कळवतेय. उद्या कमिटी आहे."

"उद्या सकाळी येते की, मॅडम. पहिल्या गाडीनं."

"सकाळी चालणार नाही. आज संध्याकाळी एकदा आंघोळ करायची आणि उद्या पहाटे परत एकदा. प्रत्येकीनं. सरांचा आदेश आहे."

मला वाटलं मॅडम चेष्टा करताहेत. पण मॅडमनी तीन वर्षांत एकदाही चेष्टा केलेली मला आठवत नाही.

"लॉन वाळायलंय गं," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "तुम्ही सगळ्या गावाला गेलात. पाणी कुठून येणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन ठेवला तर अव्वा, माझी आई, समोर पळी घेऊन उभी.

"काय म्हणायलेत?"

"आंघोळीला बोलवायलेत."

"का? त्यांच्या घरी न्हाणी न्हाय व्हय?"

भावकीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. अप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी हात धुतला आणि गाडीची किल्ली काढली.

"चल, सोडतो. प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्या हातात हायती."

"अप्पा, आज येळवस हाय!"

"येळवस पुढल्या वर्षी परत येती. गेलेलं वर्ष येत न्हाय."

आता ही आंघोळीची काय भानगड, ते सांगते. सांगताना डोकं फिरतं, तरी सांगते.

आमचं कॉलेज गावाबाहेर, हायवेला लागून, उघड्या माळावर आहे. मुलींचं हॉस्टेल त्याच्याही मागं. पहिल्या वर्षी उन्हाळ्यात आमच्या खोल्या अशा तापायच्या की भिंतीला पाठ टेकवत नव्हती. झाडं लावा म्हणून आम्ही प्राचार्यांकडं गेलो. डॉ. हिंमतराव माकणीकर त्यांचं नाव. ते म्हणाले, "झाडं देतो, पाणी कुठून देऊ?" खरंच होतं ते. बोअरचं पाणी प्यायला-आंघोळीलाच जेमतेम पुरायचं.

कॉलेजात पर्यावरण मंडळ होतं. पाच जूनला फलक धरून फोटो काढायचा, एवढंच त्याचं काम. आम्ही पाचसहा जणी त्यात घुसलो. मी आणि तेर गावची निकिता पुढं. निकिताचं डोकं थंड, माझं तापलेलं, त्यामुळं आमचं चांगलं जमतं. हॉस्टेलच्या मोऱ्यांचं पाणी उघड्या गटारातून वाहून डास पाळत होतं. ते आम्ही धरलं. भूगोलाच्या सरांनी उतार बघून दिला. मोरीखाली कर्दळीचा वाफा केला, वाफ्यातून गाळून आलेलं पाणी साठायला एक छोटी टाकी बांधून घेतली आणि टाकीपासून झाडांपर्यंत आम्ही स्वतः चर खणली. मुरमात टिकाव मारून बघा एकदा म्हणजे कळेल. हाताला फोड आले, ते फुटून परत आले. पण पाणी आपोआप उताराला लागलं. ना मोटर, ना लाइट. आम्ही आंघोळी करायच्या, झाडं प्यायची. दोन पावसाळ्यांत करंज खिडकीला लागले, कडुलिंब डोक्याच्या वर गेले. जांभळं तेवढी रेंगाळली होती, त्यांना जरा जास्त पाणी लागतं.

मग यंदा कमिटी यायची ठरली. कॉलेजला दर्जा देणारी कमिटी. हिरव्या परिसराला वेगळे गुण असतात म्हणे. झालं! दिवाळी संपताच हैदराबादहून ट्रक आला आणि त्यातून गवत उतरलं, सतरंजीसारखं गुंडाळलेलं. कॉलेजच्या दारात ते अंथरलं. आता त्याला पाणी पाहिजे. टँकर परवडेना, बोअरला जोर नाही. मग माकणीकर सरांना आमच्या आंघोळी आठवल्या. आयजीच्या जिवावर बायजी उदार. टाकीला मोटर बसवली, नळी पुढं नेली आणि झाडांकडं जाणाऱ्या चरीच्या तोंडात सिमेंट भरून टाकलं.

परतीचा पाऊस यंदा आलाच नव्हता. मी धावत केबिनमध्ये गेले.

"सर, झाडं वाळतील."

"श्रीदेवी, झाडं मागं आहेत. कमिटी पुढून येते."

"पण सर, हिरवं म्हणून गुण मिळणार ते..."

"जे दिसतं त्याला गुण मिळतात. कमिटी गेली की देऊ तुमचं पाणी परत. आणि तुला आपण हरित दूत केलंय. त्या दिवशी साडी नेसून ये, हिरवी."

तुमचं पाणी, असं म्हणाले. म्हणजे पाणी कुणाचं आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. मी बाहेर आले आणि जिन्यात उभी राहून रडले. दुःखानं नाही, रागानं. त्या आठवड्यात जांभळांची पानं कडेनं करपली. येळवशीला गावी निघाले तेव्हा लिंबाची पानंही पिवळी पडून गळायला लागली होती.

तर येळवशीच्या संध्याकाळी आम्ही सगळ्या हॉस्टेलच्या व्हरांड्यात जमलो. कुणी नटूनथटून शेतात गेलेली तशीच उठून आलेली. निकिता दोन गाड्या बदलून आली होती, हातात आंबिलीचा तांब्या, त्याला फडकं बांधलेलं. महेश्वरी तर नुसती रडत होती. तिच्या बहिणीची लग्नानंतरची पहिली येळवस होती, जावई शेतात आलेले, आणि हिला निम्म्यातून उठवलं.

"आपून आंघोळच करायची न्हाय," महेश्वरी नाक पुसत म्हणाली. "काय करतेत बघू."

"मग उद्या पास होऊन दाखव," कुणीतरी म्हणालं.

निकिता तांब्याचं फडकं सोडत होती. तिनं वर न बघता सांगितलं, "करू की आंघोळ. आदेश आंघोळीचा हाय. पाणी कुठं वतायचं, ह्याचा आदेश न्हाय."

सगळ्या एकदम उठल्या. कपडे भिजवायचे टब, घमेली, मोठी पातेली, जे सापडेल ते मोरीत गेलं. टबात बसून आंघोळ करायची, थेंब खाली सांडू द्यायचा नाही आणि टब दोघींनी धरून मागं न्यायचा. आधी जांभळांना, मग लिंबांना. ओले केस, गुडघ्यापर्यंत चिखल आणि तोंडानं माकणीकर सरांचा उद्धार. मला सांगायला लाज वाटत नाही, मी त्या संध्याकाळी सरांना लई शिव्या दिल्या.

रेक्टर मॅडम बाहेर आल्या. "काय करायलात गं?"

"आंघोळ, मॅडम."

मॅडमनी टबाकडं पाहिलं, झाडांकडं पाहिलं. त्यांनाही त्यांच्या शेतातूनच उठवून आणलं होतं. त्या आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

पहाटे परत तेच केलं. सकाळी शिपायानं मोटर चालू केली, ती नुसती घरघरली. माकणीकर सर नवा कोट घालून आले होते. त्यांनी लॉन पाहिलं. मधूनमधून ते आमच्या माळासारखंच दिसायला लागलं होतं. मग त्यांनी काय करावं? आमच्या प्यायच्या पाण्याच्या टाकीला नळी लावली आणि टाकी लॉनवर रिकामी केली. आम्ही नाष्ट्याला बसलो तेव्हा हॉस्टेलच्या एकाही नळाला पाणी नव्हतं. पोहे घशाखाली उतरवायला निकिताच्या तांब्यातली उरलेली आंबील आम्ही घोटघोट वाटून प्यायलो.

आणि कमिटी? कमिटीची गाडी आली, काचा वर, पडदे ओढलेले. थेट पोर्चमध्ये लागली. हार झाले, शाली झाल्या आणि तिघंही एसीच्या हॉलमध्ये गेले. त्या लॉनकडं एकानंही मान वळवून पाहिलं नाही. खरं सांगते, त्या क्षणी मला गवताचीसुद्धा दया आली.

आत पडद्यावर फोटो सुरू झाले. एक फोटो आला आणि मी खुर्चीतच ताठ झाले. आमची चर. चरीत टिकाव घेऊन मी, मागं निकिता, पलीकडं नुकती लावलेली झाडं. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'सांडपाण्याचा पुनर्वापर, संस्थेचा अभिनव उपक्रम.' माकणीकर सर काठीनं दाखवत होते, "हे आमचं स्वप्न होतं, सर." स्वप्न! ज्या चरीच्या तोंडात सिमेंट कोंबलं तिचंच कौतुक माणूस कोणत्या तोंडानं करतो?

कमिटीचे अध्यक्ष वयस्कर होते, बोलायला मऊ. त्यांनी विचारलं, "यात विद्यार्थ्यांचा सहभाग कसा असतो? हरित दूत कोण आहे?"

मी उभी राहिले. सरांनी मला नजरेनं शाबासकी दिली.

"आंघोळ करून, सर."

हॉल हसला. अध्यक्षही हसले.

"हसू नका," मी म्हणाले. सगळं सांगितलं. सिमेंट, मोटर, येळवस, सकाळपासून कोरडे पडलेले नळ. ती झाडं आता पाण्यावाचून मरायला लागली आहेत, हेही सांगितलं. माकणीकर सरांनी घाईघाईनं पुढचा फोटो लावला.

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "मग ती झाडं बघायला हवीत," ते म्हणाले.

माझ्या जिवात जीव आला. पण तेवढ्यात सरांना वाचा फुटली. "जरूर, सर! आधी दोन घास खाऊन घ्या. कालची येळवस चुकली ना तुमची? म्हणून खास भज्जी, उंडे, आंबील केलीय."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "हं. जेवणानंतर वेळ उरला तर बघू. चारला निघायचंय."

आणि उठले. तिघंही उठले. आम्हाला भरल्या ताटावरून उठवलं, आमची येळवस मारली आणि त्याच येळवशीचं जेवण मांडव घालून ह्यांना वाढणार. वेळ उरला तर! झाडांना नव्हता उरलेला वेळ. मला कळून चुकलं की चारला गाडी जाणार, गुण मिळणार आणि चर बुजलेलीच राहणार. पुढून येणारं कुणीही आमच्यासाठी मागं येणार नव्हतं.

मी साडीचा पदर खोचला आणि माळ्याच्या खोलीतून टिकाव काढला. निकिता काही विचारत बसली नाही, तिनं फावडं घेतलं. चरीचं बुजवलेलं तोंड हॉस्टेलच्या कोपऱ्यावर होतं आणि सावली बघून जेवणाचा मांडव त्याच भिंतीला लागून घातला होता. पंगत हाकेच्या अंतरावर. मी पहिला घाव घातला आणि सिमेंटचा टवका उडाला.

चारपाच घाव झाले असतील. माकणीकर सर उष्ट्या हातानं धावत आले.

"ए, हे काय चाललंय?"

"पाणी मागं सोडतोय, सर."

"कुणाच्या परवानगीनं?"

"आंघोळ आमची, पाणी आमचं."

"नाव काढून टाकीन तुझं कॉलेजातून! बापाला बोलावून घेतो आत्ता!"

"बोलवा की. त्यांना पण आंघोळ करायला सांगा."

माझ्या मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. वळून पाहिलं तर महेश्वरी होती आणि तिच्या मागं सगळं हॉस्टेल. कुणाच्या हातात सळई, कुणाच्या हातात नुसता दगड. सरांचा चेहरा उतरला.

मांडवातून अध्यक्षांचा मऊ आवाज आला, "माकणीकर, आवाज कसला येतोय?"

सरांनी तिकडं तोंड केलं. पापणी लवायच्या आत त्या तोंडावर हसू आलं. "काही नाही, सर! मुलींचं श्रमदान चालू आहे. सहभाग, सर, सहभाग!"

मग ते माझ्याकडं वळले. हसू तसंच होतं, दात मात्र आवळलेले.

"हळू मार," ते पुटपुटले. "कमिटी जेवतेय."

मी टिकाव डोक्यावर नेला आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून घातला. सिमेंट दुभंगलं, चरीचं तोंड मोकळं झालं, आणि मांडवातलं जेवण थांबलं.