अरबाबांच्या दुनळीची गोळी

हेमचंद्र टिपणीस यांनी शारजातल्या एका बांधकाम कंपनीसाठी बावीस वर्षं खरेदी केली होती. सिमेंट, पाइप, एसी, संडासाची भांडी, आणि एकदा तर मालकाच्या ससाण्यासाठी विमानाचं तिकीटसुद्धा. तीन कोटेशनं मागवली की जगातली कुठलीही वस्तू शहाण्यासारखी घेता येते, यावर त्यांची श्रद्धा होती. तिघांतल्या एकाला गाळायचं, दोघांना भिडवायचं आणि जो उरेल त्याच्याकडून वर काहीतरी उकळायचं. बंदूक मात्र त्यांनी दिवाळीतल्या टिकल्यांच्या पलीकडे कधी हातात धरली नव्हती.

म्हणून अरबाबांनी, म्हणजे मालक अबू राशिद यांनी, केबिनमध्ये बोलावून टेबलावर बोटाएवढी जाड तांब्याची गोळी ठेवली, तेव्हा हेमचंद्रांनी ती उचलून उलटसुलट करून पाहिली.

"हेम, ये सेम सेम मंगता," अरबाब म्हणाले. "दूसरा नहीं चलेगा."

अरबाबांकडे एक जुनी इंग्रजी दुनळी रायफल होती, रानरेड्यांच्या शिकारीची. तिची काडतुसं ते नेमबाजीच्या क्लबात स्वतःच्या हाताने भरत. परवाने सगळे चोख. फक्त पुढे बसवायची गोळी हवी होती, आणि ती बनवणाऱ्या कंपनीने वर्षभरासाठी ऑर्डर घेणं बंद केलं होतं. अरबाबांना तर दोन महिन्यांत टांझानियाला जायचं होतं.

हेमचंद्रांना हे काम नीट करणं भाग होतं. मार्चमध्ये त्यांना साठ वर्षं पूर्ण होत होती. अरबाबांचा मुलगा राशिद लंडनहून शिकून आला होता, आणि साठीनंतर कुणालाही ठेवायचं नाही, असा त्याचा नवा नियम होता. अरबाबांनी शब्द टाकला तरच व्हिसा आणखी दोन वर्षं वाढणार होता, आणि मुलीचं, शुभ्राचं, इंजिनिअरिंग संपायला नेमकी तेवढीच वर्षं बाकी होती.

त्यांनी चौकशीपत्र तयार केलं आणि सवयीने खाली टाइप केलं : 'नमुन्याप्रमाणे, समतुल्य अथवा सरस.' याच ओळीवर त्यांनी आयुष्यभर नळ घेतले होते. एका दुकानदाराकडे माल नव्हता. दुसऱ्याने इतका भाव सांगितला, की हेमचंद्रांनी तिथल्या तिथे मोठ्याने रुपये करून पाहिले आणि दुकानाबाहेर पडले. तिसरा, हा एक लेबनीज व्यापारी, म्हणाला, "हबीबी, सेम साइझ आहे, पण वजनाला जास्त. भाव तोच." हेमचंद्रांचे डोळे चमकले.

दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरी त्यांच्या पत्नी प्रमिलाताईंनी दोन्ही गोळ्या तळहातावर तोलून पाहिल्या. "अहो, ही चांगली जड आहे की. त्याच भावात जड मिळतंय तर हलकं कशाला घ्यायचं?"

"तेच म्हणतोय मी," हेमचंद्र खूष होऊन म्हणाले.

माल आला. स्टोअरच्या शिरस्त्याप्रमाणे मूळ पाकिटं फोडून गोळ्या कंपनीच्या डब्यात भरल्या गेल्या आणि वर लेबल लागलं : 'नमुन्याप्रमाणे.' अरबाबांचा हेमवर भरवसा होता. चारचौघांत चष्मा लावायची त्यांना लाजही वाटायची. त्यांनी लेबल पाहिलं, वजन न करता काडतुसं भरली आणि शुक्रवारी मेव्हण्याला, राशिदला आणि कौतुकाला हवा म्हणून हेमचंद्रांना घेऊन क्लबात गेले.

उजव्या नळीची गोळी निशाणाच्या हातभर उजवीकडे गेली, डाव्या नळीची हातभर डावीकडे. पुन्हा झाडल्या, पुन्हा तेच. मेव्हणे खोकले. अरबाबांनी रायफल खाली ठेवली आणि आपल्या हातांकडे बघत राहिले.

"खलास," ते म्हणाले. "आँख गया, हाथ गया." मग ते राशिदकडे वळून अरबीत बोलले. पहिल्या तारखेपासून खुर्चीवर तूच बस, असं ते म्हणत होते. एवढी अरबी हेमचंद्रांना बावीस वर्षांत नक्कीच आली होती.

संध्याकाळी त्यांनी ताट बाजूला सारलं आणि घरात क्लबातलं सांगितलं. शुभ्राने सगळं ऐकून घेतलं, फोनवर काहीतरी शोधलं आणि म्हणाली, "बाबा, इट्स नॉट हिज आइज. द टू बॅरल्स आर सेट फॉर वन बुलेट वेट. यू चेंज्ड द वेट." मग ती म्हणाली, "ऑल्सो, विथ द सेम पावडर, इट कुड हॅव हर्ट हिम."

दोन नळ्यांनी एकाच जागी मारावं म्हणून कुणा इंग्रज कारागिराने त्या एका ठरलेल्या वजनाला जुळवून ठेवल्या होत्या, आणि त्यांनी फुकटात मिळतंय म्हणून वजन वाढवून घेतलं होतं.

"आता सांगितलंत तर अरबाब काढतील," प्रमिलाताई म्हणाल्या.

"आणि नाही सांगितलं तर राशिद काढेल."

"मग निदान त्यांना उगाच म्हातारं तरी ठरवू नका. जड गोळी घ्या म्हणणारी मीही होते, तेही सांगा हवं तर."

सकाळी हेमचंद्रांनी केबिनचं दार वाजवलं. आत अरबाब राशिदला कपाटाच्या चाव्या समजावून देत होते. हेमचंद्रांनी बायकोचं नाव न घेता सगळं सांगून टाकलं. वजन, लेबल, 'समतुल्य अथवा सरस', काहीच लपवलं नाही. "अरबाब, आपका आँख ठीक है. गोली गलत है. मैंने लाया."

राशिद ताडकन उठला. "बाबा, ही कुड हॅव किल्ड यू."

अरबाबांनी त्याला खाली बसवलं. रायफल घेतली, शिकारीसाठी राखून ठेवलेली शेवटची दोन जुनी काडतुसं खिशात टाकली आणि दोघांनाही गाडीत घातलं. क्लबात त्यांनी सगळ्यांदेखत चष्मा लावला. दोन बार झाले. कागदावर दोन भोकं पडली होती, जवळजवळ एकमेकांना टेकून.

अरबाब निशाणापर्यंत चालत गेले आणि त्या भोकांवरून अंगठा फिरवत उभे राहिले. परत आले तेव्हा डोळे ओले होते, आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"हेम, तू गधा है," ते म्हणाले. "लेकिन घर में सब लोग बोला, उमर हो गया, रेस्ट करो. एक आदमी नहीं बोला कि गोली देखो."

"टांझानियाचं काय?" राशिदने अरबीत विचारलं.

"रेडे पुढच्या वर्षीही तिथेच असतील," अरबाब म्हणाले. "गोळी बनवणारेही तोवर सुरू होतील. आणि याचा व्हिसा, दोन वर्षं. आजच."

"बाबा, त्याला साठ पूर्ण होतात."

अरबाब मुलाकडे वळले. "मला अडुसष्ट आहेत," ते म्हणाले.

राशिदने मान खाली घातली आणि ऑफिसला फोन लावला.

हेमचंद्र गाड्यांपाशी आले आणि त्यांनी घरी फोन केला. प्रमिलाताईंचा आवाज ऐकला मात्र, त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. नुसता श्वास ऐकून प्रमिलाताई काय ते समजल्या, म्हणजे चुकीचंच समजल्या.

"असू दे हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत ना? मग झालं. घरी या, गरम गरम जेवू."